ऑक्सलेचे ससे

कोल्टर बेंड, मोंटाना
९ सप्टेंबर २०१६

ली,

वाढदिवसाचं कार्ड मिळालं. त्यावरचं चित्र ज्यानं काढलं त्यानं आयुष्यात घोडा पाहिलेला नाही. तरी आभार.

आता कामाचं. तू जन्मभर विमा कंपनीत बसून लोकांना पटवत आलास की तुमचं घर जळालंच नाही, आणि जळालं असलं तर तुम्हीच जाळलंत. ती विद्या एकदा तरी सख्ख्या बहिणीच्या उपयोगी पडू दे. मला एका माणसाला पत्र लिहायचंय. वाचताना त्याला घाम फुटला पाहिजे.

माणसाचं नाव ड्वेन ऑक्सले. पशुखाद्याच्या दुकानाला लागून त्याचं दुकान आहे. तिथं बंदुका मिळतात, जुनी खोगिरं मिळतात, गळाला लावायची गांडुळं मिळतात आणि त्याच्या बायकोनं चोकचेरीच्या रानफळांचा केलेला जॅम मिळतो. त्यातला जॅम तेवढा भरवशाचा.

एप्रिलमध्ये मी त्याच्याकडून बंदुकीचा सायलेन्सर विकत घेतला. हसू नकोस. कोल्हे या वर्षी कुंपणाच्या आत येऊन कोकरं नेतायत. गोळी झाडली की कोल्हा मरतो, पण मेंढ्या अशा उधळतात की आई एकीकडे आणि पिल्लू दुसरीकडे. मग अर्धा दिवस कुणाचं कोण ते जुळवत बसा. नळीच्या तोंडाला हा सायलेन्सर बसवला की आवाज निम्म्याच्या खाली येतो. बाकी काही जादू नाही.

पैसे रोख मोजले. पण ही वस्तू म्हणजे कुदळ नव्हे, की घेतली आणि गाडीत टाकली. दुकानदारानं सरकारकडे अर्ज पाठवायचा, सोबत माझा फोटो, दहा बोटांचे ठसे आणि कर. सरकार तो अर्ज रवंथ करत बसणार आणि मंजुरी आली की मगच वस्तू माझ्या हातात. तोवर ती ड्वेनच्या तिजोरीत. मी सगळं केलं. शेरीफच्या कचेरीत जाऊन बोटंही काळी करून आले.

काल दुकानात गेले. तो काउंटरखाली वाकून काहीतरी उचकत होता.

"ड्वेन, माझ्या अर्जाचं काय झालं?"

तो खालूनच म्हणाला, "ससे परत लागतील."

"काय लागतील?"

"ससे! आधीचे खराब निघाले."

मी म्हटलं, "माझ्याकडे मेंढ्या आहेत."

तो वर आला आणि वेडी मीच असल्यासारखा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. लोकांचे पैसे घ्यायचे आणि विचारलं की सशांच्या गप्पा मारायच्या! मी तडक निघून आले.

तर पत्राचा मसुदा पाठव. फोन करू नकोस, इथल्या लाइनीवर नुसती खरखर असते.

आर्डिथ


पियोरिया, इलिनॉय
१९ सप्टेंबर २०१६

प्रिय आर्डिथ,

मसुदा सोबत जोडला आहे. 'कायदेशीर कारवाई' हे शब्द मुद्दाम शेवटी ठेवले आहेत. पत्र वाचताना माणूस शेवटापर्यंत जात नाही, पण नजर तिथं आधी पडते.

आता माझं मत. तू ते मागितलेलं नाहीस, म्हणूनच देतो. सायलेन्सर दोन प्रकारचे लोक घेतात. एक सिनेमातले मारेकरी आणि दुसरे, आरशात बघून आपण तसे दिसतो का ते तपासणारे. माझी बहीण त्रेसष्टाव्या वर्षी यांतल्या कुठल्या रांगेत उभी राहिली ते मला कळलेलं नाही. आमच्या राज्यात ती वस्तू नुसती घरात सापडली तरी तुरुंगात टाकतात. तुमच्याकडे ती गांडुळांशेजारी मांडून ठेवतात. असो. मेंढ्यांच्या मनःशांतीसाठी एवढा खर्च करणारी बाई आपल्या घरात निपजली, हे वडिलांना कळायला हवं होतं. नवी छत्री घ्यायची तर ते आठवडाभर विचार करायचे.

सशांचं काही लक्षात आलं नाही. तुमच्या तालुक्यात लाच सशांच्या रूपात घेत असतील तर मसुद्यात तसं एक वाक्य घालता येईल.

आणि लाइनीचं काय सांगतेस? रविवारी मी फोन केला तेव्हा तुझा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता. मी विचारलं, "ड्वेनची पावती आहे ना?" तू म्हणालीस, "हो हो, इथंही पाऊस नाही," आणि फोन ठेवलास. माझ्यावर राग असेल तर सरळ सांग. नाताळात मी आलो नाही त्याचा असेल तर माझं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि तेही मी तुला फोनवर सांगितलं होतं.

लीलंड


कोल्टर बेंड
६ ऑक्टोबर २०१६

ली,

तू पियोरियातल्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतोस. इथं माझ्याकडे मेंढ्या आहेत आणि त्या उंटावरून हाकता येत नाहीत. आरशात बघायला मला वेळ नसतो. गुडघ्याचं मला कुणी सांगितलेलं नाही. बरा आहे का आता?

तुझा मसुदा घेऊन मी सोमवारी गेले. टपालानं पाठवायचाच नव्हता. वाचताना त्याचं तोंड बघायचं होतं.

त्यानं वाचलं. घडी घातली. मग तिजोरीतून सायलेन्सर काढायच्या ऐवजी गल्ल्यातून पैसे काढून माझ्यापुढे ठेवले.

"हे काय?"

तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, "माणसासारखा बोल." तेव्हा ओरडला, "तो सायलेन्सर गेला! वरच्या शिकारी रँचवाल्याला दिला! तुला विचारून दिला!"

"मला विचारून?"

"ऑगस्टमध्ये फोन केला होता. तू हो म्हणालीस."

ली, तो रँचवाला डॅलसहून स्वतःच्या विमानानं येतो, दोन हरणं मारतो आणि मिशांना तेल लावून परत जातो. त्याला माझा सायलेन्सर! आणि वर म्हणे मीच हो म्हणाले! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. ड्वेनचा फोन आला होता, ते खरं. त्यानं हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मी नीटाला, त्याच्या बायकोला, नमस्कार सांगितला. बस.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ड्वेन ऑक्सले, तू चोर आहेस. नुसता चोर नाही, भित्रा चोर आहेस. म्हाताऱ्या बाईचं घेतोस आणि श्रीमंताला देतोस." पैसे तिथंच ठेवून आले. मला पैसे नकोत, मला मी विकत घेतलेली वस्तू हवी.

तो काहीतरी बोलत बाहेर माझ्या गाडीपर्यंत आला. मी काच खाली केली नाही.

आता तू स्वतः लिही त्याला. कंपनीचा जुना छापील कागद उरला असेल तर त्यावर लिही. चिरडून टाक त्याला.

आर्डिथ


ऑक्सले स्पोर्टिंग गुड्स
कोल्टर बेंड, मोंटाना
२४ ऑक्टोबर २०१६

मा. लीलंड क्वाम साहेब यांस,

आपलं पत्र पोचलं. त्यात 'तथापि' हा शब्द सहा वेळा आला आहे. माझ्या बायकोनं मोजला. ज्या कंपनीच्या कागदावर लिहिलंय ती बुडून बरीच वर्षं झाली असं ती म्हणते, पण कागद जाड आहे.

साहेब, मी साधा माणूस आहे, तेव्हा सरळच सांगतो. आर्डिथबाईंचा अर्ज मी एप्रिलपासून पाठवू शकलो नाही, कारण त्यांचे ठसे वाचता येत नव्हते. मेंढ्यांच्या लोकरीचं तेल आणि जन्मभर ओढलेली काटेरी तार, यांनी बोटांवर रेषाच ठेवलेल्या नाहीत. असे ठसे पाठवले की अर्ज परत येतो आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून मी त्यांना सांगितलं, ठसे परत लागतील. मे महिन्यात सांगितलं, जुलैमध्ये सांगितलं. सप्टेंबरमध्ये सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याकडे मेंढ्या आहेत." यावर मी काय बोलायचं ते आपणच सांगा. आपण शिकलेले आहात.

ऑगस्टमध्ये मी त्यांना फोन केला. नीटा शेजारीच उभी होती. मी विचारलं, "तुमच्या नावानं ठेवलेला आहे तो त्या रँचवाल्याला देऊ का? त्याचे कागद तयार आहेत. तुमच्यासाठी पुढच्या खेपेतला ठेवतो." बाई म्हणाल्या, "हो हो, ठीक आहे. नीटाला नमस्कार सांग." मी परत विचारलं. परत म्हणाल्या, "हो हो." आता हो म्हणजे हो. मी व्यापारी आहे, पाद्री नव्हे.

त्यानंतर चारचौघांत त्यांनी मला चोर म्हटलं. त्या चौघांतला एक माझा जावई होता.

आपण मला कोर्टाची भीती घालता. जरूर जा. पण न्यायाधीश आर्डिथबाईंना काही विचारतील, तेव्हा शेजारी कुणीतरी उभं करा. आपल्या बहिणीला ऐकू येत नाही, साहेब. हे चर्चमध्ये माहीत आहे, बँकेत माहीत आहे. इथली कुत्रीसुद्धा त्यांच्याकडे बघून भुंकत नाहीत, सरळ समोर जाऊन उभी राहतात. फक्त पियोरियात ही बातमी पोचलेली दिसत नाही.

पैसे त्यांच्या नावानं पाकिटात ठेवलेत. जॅमची एक बाटली सोबत पाठवतोय. ती नीटाची कल्पना, माझी नाही.

ड्वेन ऑक्सले


पियोरिया
३१ ऑक्टोबर २०१६

प्रिय आर्डिथ,

ऑक्सलेचं उत्तर आलं, त्याची नक्कल सोबत आहे. खाली बसून वाच. मला चिरडायला पाठवलं होतंस, तो मीच सपाट होऊन आलो.

एका कागदावर दोन शब्द शेजारी शेजारी लिही. ठसे. ससे. झालं?

मी जन्मभर लोकांचे दावे फेटाळले. समोरचा रडला तरी आधी पुरावा मागितला. आयुष्यात एकच दावा मी न तपासता खरा धरला, तो तुझा. पुरावा माझ्या कानात होता आणि मी त्याला रुसवा समजलो. तुला फोनवर ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "छान झालं, मजा करा." मी महिनाभर कुढत होतो, आर्डिथ. गुडघा कापला त्यात मजा कसली, असं मनात म्हणत होतो. बहिणीला ऐकू येत नाही, हे गांडुळं विकणाऱ्या माणसाकडून कळावं, हा अपमान मला पुरून उरेल.

पण तुझंही कौतुकच करायला हवं. जे ऐकू आलं नाही त्याला "हो हो" म्हणत तू अख्खा तालुका चालवतेयस. उद्या कुणी फोनवर तुझी जमीन मागितली तर? "हो हो, नीटाला नमस्कार सांग"?

किती दिवसांपासून आहे हे? खरं लिही. आणि त्या माणसाची माफी माग. घशात अडकेल, पण माग.

जॅम खरंच चांगला आहे.

लीलंड


कोल्टर बेंड
११ डिसेंबर २०१६

ली,

तुझं पत्र स्टोव्हमध्ये टाकलं. मग दुसऱ्या दिवशी वाटलं परत वाचावं, तर राख. म्हणून इतके दिवस लागले. उत्तर आठवणीतून देतेय.

किती दिवसांपासून ते नक्की सांगता येणार नाही. ऐकू येणं बंद होतं तेव्हा काही घंटा वाजत नाही. उलट कानात सतत वाजतच असते, शीळ घातल्यासारखी. गोळी झाडली की दोन दिवस ती वाढते, मग उतरते, पण पहिल्याइतकी कधीच उतरत नाही. मार्चमध्ये माझ्या पाठीमागे, हाकेच्या अंतरावर, एक मेंढी अडली होती. पिल्लू आडवं आलेलं. ती ओरडून ओरडून मेली असणार. मी तिच्याकडे पाठ करून खिळे ठोकत होते. वळून पाहिलं तेव्हा दोघंही गेलेली. तिचं तोंड उघडंच होतं.

तेव्हा मेंढ्या उधळतात वगैरे जे तुला लिहिलं ते खोटं नाही, पण कारण ते नव्हतं. उरलंय तेवढं तरी राहावं, म्हणून घेत होते. तुला सांगितलं असतं तर तू मेंढ्या विकून पियोरियाला ये म्हणाला असतास. तिथं मी काय ऐकणार होते, तुझी लिफ्ट?

काल गेले ड्वेनकडे. दुकानात कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "चोर म्हणाले होते ते परत घ्यायला आलेय. अर्धं."

तो काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "लिही. मला ऐकू येत नाही." ली, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं आणि छप्पर काही कोसळलं नाही.

त्यानं नेमबाजीच्या सरावाचा एक मोठा कागद ओढला, वर्तुळं छापलेला, आणि जाड पेनानं लिहिलं, 'अर्धं का?'

"ऑगस्टमध्ये मी हो म्हणाले. मला ऐकू आलेलं नाही हे तेव्हा तुला ठाऊक होतं?"

त्यानं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग लिहिलं, 'वाटलं होतं.'

"वाटलं होतं की ठाऊक होतं?"

मागच्या खोलीतून नीटा आली. तिनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि बरोबर मधल्या काळ्या वर्तुळाशेजारी लिहिलं, 'ठाऊक होतं. मी म्हटलं होतं त्याला, घरी जाऊन विचार.'

ड्वेनचे कान लाल झाले. मी म्हटलं, "म्हणून अर्धं. उरलेलं तुझ्याजवळच राहू दे."

त्यावर तो तिजोरीकडे गेला, स्वतःचा सायलेन्सर आणून माझ्यापुढे सरकवला आणि लिहिलं, 'मंजुरी येईपर्यंत हा ने. कोकरांचा हंगाम निघून जाईल. कुणाला कळतंय?'

मोह झाला, खोटं कशाला बोलू. हातात घेऊन पाहिला. पण मग म्हटलं, "ड्वेन, आत्तापर्यंत तू नुसता हलकट होतास. आता गुन्हेगार व्हायला निघालास आणि मला जोडीला घेतोयस. दुसऱ्याच्या नावाचा सायलेन्सर माझ्या गाडीत सापडला तर मेंढ्यांना तुरुंगातून चारा घालू का मी? कागद कर. नीट कर. मी थांबते."

नवीन खेपेतला एक माझ्या नावानं बाजूला ठेवलाय. नीटानं मला मोरीपाशी नेलं, भांड्यांच्या साबणानं माझी बोटं लहान मुलीसारखी घासली, मग शेरीफकडे घेऊन गेली आणि ठसे उमटेपर्यंत तिथून हलली नाही. या वेळी उमटले. अर्ज गेला.

माफी वगैरे मी मागितली नाही. त्यानंही नाही. जॅम घेऊन आले.

आर्डिथ


पियोरिया
३ जानेवारी २०१७

प्रिय आर्डिथ,

सोबतच्या खोक्यात कानावर लावायची जाड झाकणं आहेत, विमानतळावरचे कामगार लावतात तसली. मंजुरी येईपर्यंत ही लावल्याशिवाय एक गोळी झाडायची नाही. तू त्यात हास्यास्पद दिसशील. मेंढ्यांना सांग, हसू नका.

फेब्रुवारीत मी तुमच्याकडच्या बिलिंग्ज शहरात येतोय. कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, तुझ्या नावानं. तू त्याला "हो हो" म्हणू नयेस म्हणून मी शेजारी बसणार आहे. मेंढ्या विक असं मी म्हणणार नाही. लिफ्टची थट्टा मात्र विसरणार नाही.

लीलंड


कोल्टर बेंड
१४ ऑक्टोबर २०१७

ली,

मंजुरी आली. कोकरांचा अख्खा हंगाम निघून गेला, कोल्ह्यांनी आपला वाटा घेतला, लोकर कातरून झाली आणि मग सरकारला माझी आठवण झाली. ड्वेन स्वतः गाडी घेऊन सांगायला आला. फोन केला नाही. फाटकात उभं राहून, हात हलवून, माझी नजर वळेपर्यंत थांबला. शिकतोय.

दुकानात जाऊन सही केली आणि सायलेन्सर घेतला. तो म्हणाला, "कटकट बरीच झाली." मी म्हटलं, "तुझ्यामुळे." तो म्हणाला, "निम्मी." ऐकू आलं मला. बिलिंग्जच्या त्या पोरसवद्या डॉक्टरनं दिलेली यंत्रं कानात होती. मला ती मुळीच आवडत नाहीत. कानात भुंगा शिरल्यासारखं होतं, चर्चमध्ये शेजारणीच्या पोटातली गुरगुरसुद्धा ऐकू येते. इतकी वर्षं ही माणसं एवढा आवाज करत होती आणि मला वाटायचं, किती सभ्य आहेत.

आज सकाळी ओढ्याकडच्या कुरणात कोल्हा आला. मेंढ्या चरत होत्या, तो कडेकडेनं सरकत होता. मी कुंपणाच्या खांबावर बंदूक टेकवली. यंत्रं काढायची विसरले, आणि तू पाठवलेली झाकणं गोठ्यात राहिली होती. शिव्या घालू नकोस. परत तसं करणार नाही. गोळी झाडली. सिनेमात दाखवतात तसं काही नाही हं, चांगला खटका वाजतो, जाड पुस्तक जमिनीवर आपटावं तसा. कोल्हा जागच्या जागी आडवा.

एकाही मेंढीनं पळायला पाऊल उचललं नाही. दोघी-तिघींनी मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

आणि मग, ली, त्यांचं खाणं ऐकू आलं. गवत मुळापासून तोडताना कर्रकर्र, मग मचमच, मग नाकातून फुसकारे. दोनशे जणी एकदम. मेंढ्या किती घाणेरड्या आवाजात खातात रे! हे मी पार विसरले होते. विसरलेय हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

काम खोळंबलं होतं, कोल्हा उचलायचा होता. मी तिथंच कुंपणाला टेकून ऐकत उभी राहिले.

आर्डिथ